चिंध्यांवर उभं राहिलेलं शहर

दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी परतले आणि त्यांच्या अंगावरची लोकर मागे उरली. जाड ओव्हरकोट, कांबळी, फाटके गणवेश, शिवाय अमेरिकेतल्या घराघरांतून गोळा केलेले जुने कपडे. या सगळ्याच्या गासड्या लिव्होर्नोच्या बंदरात उतरत आणि तिथून फ्लॉरेन्सच्या वायव्येला पंधरा-वीस किलोमीटरवर असलेल्या प्रातो या टस्कनीतल्या गावी जात. गासड्या फोडताना कोटांच्या खिशांत काय काय सापडलं याच्या कहाण्या तिथे पुष्कळ आहेत. कुणाला म्हणे नोटा मिळाल्या, कुणाला दागिना. त्यांतल्या किती खऱ्या हे सोडून देऊ. गाव श्रीमंत झालं ते कोटांच्या कापडावर. प्रातोतच जन्मलेला लेखक कुर्झिओ मालापार्ते यानं 1956 सालच्या ‘मालेदेत्ती तोस्कानी’ या पुस्तकात आपल्या गावाची मोठी फुशारकी मारली आहे. राज्यं बुडोत की सैन्यं हरोत, त्यांचे झेंडे आणि गणवेश शेवटी प्रातोच्या चिंध्यांच्या ढिगातच येऊन पडतात, असा त्याचा दावा.

भूमध्य समुद्राकाठच्या कापडधंद्याचा विषय निघाला की व्हेनिसची मखमल, कोमोचं रेशीम, इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस ही नावं आधी येतात. या पंगतीत प्रातोचं पान सहसा मांडलेलं नसतं. पण हा धंदा मुळात कसा चालतो, स्वस्ताई येते कुठून आणि तिची किंमत कोण मोजतो, हे समजून घ्यायचं तर प्रातोइतकी चांगली जागा नाही.

गावाला बिझेंझिओ नदीचं पाणी होतं. मध्ययुगातच तिचे पाट काढून त्यावर लोकरीचं कापड कुटून घट्ट करणाऱ्या पाणचक्क्या बसवल्या गेल्या. या धंद्यातला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे फ्रांचेस्को दातिनी. जन्म 1335 च्या सुमाराचा. 1348 च्या प्लेगात आईवडील गेले. पंधराएक वर्षांचा हा पोरका मुलगा आविन्योंला गेला. तेव्हा पोपचं वास्तव्य तिथे असल्यानं शहरात पैसा वाहत होता. चिलखतं, शस्त्रं, मग कापड, मीठ, चित्रं असं मिळेल ते विकत तो गबर झाला आणि तीसेक वर्षांनी प्रातोला परतला. 1410 मध्ये वारला तेव्हा बहुतेक संपत्ती गावातल्या गरिबांसाठी ठेवून गेला. इतिहासकारांच्या दृष्टीनं त्याहून मोठा ठेवा म्हणजे त्याचे कागद. 1870 मध्ये त्याच्या वाड्यातल्या जिन्याखालून सुमारे दीड लाख पत्रं आणि पाचशेहून अधिक हिशेबाच्या वह्या निघाल्या. त्यांच्याच आधारानं आयरिस ओरिगो यांनी 1957 मध्ये ‘द मर्चंट ऑफ प्रातो’ हे पुस्तक लिहिलं.

त्या वह्यांमुळे एका मालाचा प्रवास टप्प्याटप्प्यानं दिसतो. नोव्हेंबर 1394 मध्ये दातिनीनं मायोर्का बेटावरच्या आपल्या पेढीकडे लोकरीची मागणी नोंदवली. ही लोकर पुढच्या वर्षी शेजारच्या मिनोर्कात कातरली गेली आणि जहाजानं टस्कनीत आली. प्रातोत ती धुणारे वेगळे, पिंजणारे वेगळे, विणकर वेगळे, रंगारी वेगळे. सूत कातायला ती आसपासच्या खेड्यांतल्या बायकांच्या घरी जाई. त्यातून सहा तागे निघाले. ते खेचरांवर लादून डोंगर ओलांडून व्हेनिसला पाठवले, तिथून पुन्हा मायोर्काला. बाजार मंदीत होता. शेवटचा माल खपेपर्यंत 1398 उजाडलं. सगळे खर्च वजा जाता नफा उरला दहा टक्क्यांहून कमी.

चार वर्षं पैसा अडकवून दहा टक्केसुद्धा नाहीत! पण नफ्याहून महत्त्वाची आहे ती रचना. हे कापड एका छपराखाली बनलंच नाही. दातिनीकडे होतं भांडवल, बाजाराची खबर आणि पत्रव्यवहार. माग दुसऱ्यांचे, चात्या दुसऱ्यांच्या. मंदीचा फटका बसला की आधी काम थांबे ते खेड्यातल्या कातणारणीचं. प्रातोत पुढे यंत्रं आली आणि गेली, मालक बदलले, कामगारांची भाषाही बदलली. ही रचना मात्र टिकली.

दातिनी तरुण असताना, 1351 मध्ये, नेपल्सच्या राणीनं हे गाव फ्लॉरेन्सला 17,500 फ्लोरिनांना विकून टाकलं होतं. 1512 मध्ये स्पॅनिश फौजांनी ते लुटलं. पुढे उंची कापड काढायचा हक्क फ्लॉरेन्सच्या श्रेणीनं, म्हणजे तिथल्या व्यावसायिकांच्या संघानं, स्वतःकडे राखला आणि प्रातोच्या वाट्याला हलका, जाडाभरडा माल आला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक पिएत्रो लिओपोल्दो यानं 1770 मध्ये या श्रेणी मोडीत काढल्या, तेव्हा कुठे बंधनं सुटली. मग गावानं हेरलं ते तुर्कस्तान आणि पूर्व भूमध्यातलं गिऱ्हाईक. तिकडे लागणाऱ्या लाल लोकरी टोप्या प्रातोतून जाऊ लागल्या. स्वतः घालत नसलेल्या टोप्या दुसऱ्यासाठी विणण्यात प्रातोकरांना काही कमीपणा वाटला नाही. धंद्यात ही लवचिकता लागतेच.

चिंध्यांचं तंत्र प्रातोचं नव्हे. इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात, बॅटली गावात, बेंजामिन लॉ यानं 1813 मध्ये जुन्या लोकरी चिंध्या फाडून त्यांच्यापासून पुन्हा सूत काढलं. त्या कापडाला शॉडी म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चिंध्या फाडणारी यंत्रं प्रातोत पोहोचली, आणि हलक्या कापडात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या गावाला ती जणू आपल्यासाठीच बनल्यासारखी वाटली. मोठी गिरणीही आली. 1880 च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियन-जर्मन भांडवलदारांनी इतकी प्रचंड गिरणी बांधली की लोक तिला नुसतं ‘फाब्रिकोने’, म्हणजे मोठा कारखाना, म्हणू लागले. तिच्या एका भागात आज नाट्यगृह आहे.

पण या धंद्याचं मर्म गिरणीत नव्हतं, निवडणाऱ्यांच्या बोटांत होतं. चिंध्या निवडणाऱ्याला तिथे ‘चेंचायोलो’ म्हणतात. ढिगाशेजारी बसून हा माणूस एकेक कपडा हाताळतो. आधी पोत: विणलेला स्वेटर वेगळा, मागावरचं कापड वेगळं, शिंप्याकडची कोरी कातरण वेगळी. विणलेल्या मालाची वीण सैल, म्हणून यंत्रात घातल्यावर तंतू कमी तुटतात आणि भाव जास्त मिळतो. मग रंग. नुसता निळा म्हणून चालत नाही, निळ्याचे कित्येक ढीग होतात. कारण या कापडाची खुबीच अशी की ते पुन्हा रंगवावं लागत नाही. पाच-सहा ढिगांतला माल ठरावीक प्रमाणात मिसळून हवी ती छटा पिंजतानाच साधतात. शेवटी कात्रीनं बटणं, अस्तर, लेबलं कापून टाकायची. शंका आली तर एक धागा ओढून जाळायचा. जळक्या केसांसारखा वास आला की लोकर, कागदासारखा आला की सूत.

तरीही शिवणीतला सुती दोरा राहतोच. त्यासाठी चिंध्या फिरत्या पिंपात घालून आम्लाची गरम वाफ सोडतात. सुताची राख होते, लोकर शाबूत राहते. ती झटकली की धूळ उडते आणि निव्वळ लोकर हाती येते. मग धुणं, फाडणं, पिंजणं. फाटताना तंतू आखूड होतो, म्हणून त्यात थोडी नवी लोकर, पुढच्या काळात नायलॉन, मिसळायचं. नंतर कताई, विणाई, आणि शेवटी कुटून, लव उठवून असं मऊ कापड बनवायचं की मिलानच्या दुकानातल्या बाईला त्याच्या मागच्या जन्माचा पत्ता लागू नये.

महायुद्धात या गावानं बरंच सोसलं. मार्च 1944 मध्ये कामगारांनी संप केला, तेव्हा अनेकांना पकडून माउटहाउझेन आणि त्याच्या एबेनझे इथल्या छळछावणीत धाडण्यात आलं. बहुतेक जण परतले नाहीत. माघार घेताना जर्मन सैन्यानं गिरण्या सुरुंगांनी उडवल्या. युद्धानंतर त्या पुन्हा उभ्या राहिल्या, पण 1950 च्या आगेमागे मोठ्या गिरण्यांना मंदीनं घेरलं आणि मालकांनी नामी युक्ती काढली. कामगारांना कमी करायचं आणि जुने माग त्यांनाच विकायचे किंवा भाड्यानं द्यायचे. कालचा विणकर आज ‘मालक’ झाला. तळमजल्यावर दोन माग, वर बिऱ्हाड, बायको कांड्या भरणार, मुलगा शाळेतून आला की हाताशी. कामाचे तास मोजायला कुणी नाही, युनियन नाही, रात्रपाळीचा भत्ता नाही. सूत आणि मागणी आणणारा ‘इम्पान्नातोरे’ वेगळा. त्याच्याकडे टेबल, टेलिफोन आणि नमुन्यांची वही. इचलकरंजीच्या वाचकाला हे निराळं समजावून सांगायला नको: व्यापाऱ्याचं सूत, मजुरीवर विणून देणाऱ्या खर्चीवाल्याचे माग आणि दर पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर.

या पद्धतीनं प्रातो फुगलं. दक्षिण इटलीतून माणसं येत राहिली. 1951 मध्ये 78 हजारांच्या आसपास असलेली वस्ती 1981 पर्यंत एक लाख साठ हजारांवर गेली. फ्लॉरेन्सचे अर्थशास्त्रज्ञ जाकोमो बेकात्तिनी यांनी 1979 मध्ये आल्फ्रेड मार्शलची ‘औद्योगिक जिल्हा’ ही जुनी कल्पना पुन्हा मांडली आणि प्रातो तिचं लाडकं उदाहरण बनलं. मायकेल पिओरी आणि चार्ल्स सेबल या अमेरिकी अभ्यासकांनीही 1984 च्या आपल्या ग्रंथात या छोट्या कारखान्यांच्या जाळ्याची वाखाणणी केली. कौतुक अस्थानी नव्हतं. एकमेकांवर विश्वास, झटपट बदल, शेजाऱ्याकडून उसना मिळणारा मेकॅनिक हे सगळं खरंच होतं. फक्त या कौतुकात रात्री दोन वाजता चालणारा तळमजल्यावरचा माग जरा कमी ऐकू येतो.

1980 च्या दशकाच्या मध्यात फॅशन फिरली. जाड लोकरी कापड मागे पडलं, हजारो माग भंगारात निघाले. 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि 1 जानेवारी 2005 ला कापडावरचे आयात कोटे संपले. प्रातोच्या गिरणीमालक घराण्यातल्या एदोआर्दो नेझी यांनी 2004 मध्ये घरची गिरणी विकली, त्यावर ‘स्तोरिया देल्ला मिआ जेन्ते’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याला 2011 चा स्त्रेगा पुरस्कार मिळाला. गिरणी गेल्याच्या दुःखाला इटलीतला सर्वांत मानाचा साहित्य पुरस्कार लाभला, हेही प्रातोच्या नशिबाला साजेसंच.

विकलेली काही यंत्रं लांब गेली. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की 1761 आठवतं. कापडाच्या जगात ते शॉडीसाठी ओळखलं जातं. पाश्चात्त्य देशांतले जुने स्वेटर तिथे फाडले जातात आणि त्यांची स्वस्त कांबळी बनतात. हे काम करणाऱ्या कित्येक यंत्रांचा पहिला मुक्काम प्रातोत होता.

प्रातोत रिकाम्या झालेल्या शेडमध्ये 1990 च्या सुमारापासून चिनी कुटुंबं येऊ लागली, मुख्यतः झेजियांग प्रांतातल्या वेन्झोऊ भागातली. त्यांनी कापड विणायच्या भानगडीत न पडता कपडे शिवायचा धंदा धरला. कापड बरंचसं बाहेरून, अगदी चीनमधूनही आणायचं, फॅशन मासिकात दिसलेला नमुना काही दिवसांत शिवून द्यायचा आणि वर ‘मेड इन इटली’ची पट्टी लावायची. तीही कायद्यात बसवून. या ‘प्रोंतो मोदा’च्या, म्हणजे झटपट फॅशनच्या, खरेदीला युरोपभरातले व्यापारी गाड्या घेऊन येतात. चिन्यांनी गाव बुडवलं, हे प्रातोत हमखास ऐकू येणारं वाक्य. पण लोकरीची मंदी त्यांच्या आधीची, आणि कारखान्यातच राहणं, तासांचा हिशेब न ठेवणं, नोंदीबाहेरची मजुरी ही रीत त्यांनी वेन्झोऊहून आणली असेल तरी प्रातोला ती नवी नव्हती. शिवाय शेडचं भाडं जात होतं जुन्या प्रातोकरांच्याच खिशात.

1 डिसेंबर 2013 ला सकाळी अशाच एका शिवणकारखान्याला आग लागली. कामगार आतच प्लायवूड-पुठ्ठ्याच्या खोपटांत झोपत असत. सात चिनी कामगार मेले. शेडचे मालक स्थानिक इटालियन होते. त्यानंतर तपासण्या वाढल्या, झोपण्याच्या जागा पाडल्या गेल्या. पण धोका फक्त चिनी शेडमध्येच होता असंही नाही. 3 मे 2021 ला शेजारच्या मोंतेमुर्लोत, इटालियन मालकीच्या कारखान्यात, ताणा गुंडाळणाऱ्या वार्पिंग यंत्रात सापडून 22 वर्षांची एक तरुण आई मरण पावली. यंत्राची सुरक्षा-जाळी काम झटपट व्हावं म्हणून निकामी केली होती, असं तपासात पुढे आलं.

त्याच वर्षी कापड छापणाऱ्या एका कारखान्यासमोर कामगारांनी महिनोन्‌महिने ठाण मांडलं. हे कामगार बहुतेक पाकिस्तानी, मालक चिनी, गाव इटालियन, आणि मागणी दिवसाला आठ तास, आठवड्याला पाच दिवस. ‘आठ गुणिले पाच’ ही त्यांची घोषणा नंतरच्या संपांतूनही ऐकू येत राहिली.

दरम्यान जुना चिंध्यांचा धंदा एकाएकी प्रतिष्ठित झाला आहे. पुनर्वापर हा शब्द चलनी होण्याआधी दीडशे वर्षं प्रातो तेच करत होतं. फक्त तेव्हा गिऱ्हाईकापासून ते लपवायचं असे, आता लेबलावर मिरवायचं असतं. किमान 65 टक्के पुनर्वापरित तंतू असलेल्या कापडासाठी ‘कार्दातो रिसायकल्ड’ असा शिक्काही निघाला. 1 जानेवारी 2025 पासून युरोपीय संघात जुने कपडे वेगळे गोळा करणं बंधनकारक झालं. माल वाढणार, पण कसला? आजच्या ढिगात ॲक्रिलिक, पॉलिस्टर आणि इलास्टेनची सरमिसळ. आम्लाच्या वाफेत सूत जळतं, पॉलिस्टर जळत नाही. चेंचायोलोच्या बोटांना असा कपडा लगेच कळतो आणि तो बाजूला फेकला जातो. प्रातोच्याच शेडमध्ये शिवलेल्या झटपट फॅशनचा बराचसा माल याच जातीचा आहे, आणि गावातल्या लोकर फाडणाऱ्या यंत्रांना त्याचा काही उपयोग नाही.