संगणकांची इर्जिक

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन आमचा गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्याच महिन्याच्या १७ तारखेस अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने जगभरच्या संगणकधारकांपुढे एक विनंती ठेवली. तुम्ही जेवावयास, निजावयास वा कामावर जाता तेव्हा तुमचा संगणक नुसता बसून असतो. तेवढ्या वेळेपुरता तो आम्हांस द्या, म्हणजे आम्ही त्याच्याकडून आकाशातून आलेल्या रेडिओ-लहरींची आकडेमोड करून घेऊ, अशी ती विनंती होती. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु आमच्या जिल्ह्याएवढेच वय असलेल्या या उपक्रमाची हकिकत मराठी वाचकांपुढे फारशी आलेली नाही, म्हणून ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला इर्जिक म्हणतात ती हीच. एखाद्याची नांगरट अडली की गावातले शेतकरी एक दिवस आपापली औते व बैल घेऊन त्याच्या रानात उतरतात. मोबदला म्हणून एक जेवण. औत आपले, बैल आपले, रान दुसऱ्याचे.

आकडेमोडीची इर्जिकही यंत्रांहून जुनी आहे. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द यंत्रास लाभण्यापूर्वी माणसास लाविला जात असे. हॅले याचा धूमकेतू पुन्हा केव्हा दिसेल हे काढण्यासाठी फ्रान्समध्ये १७५७ साली क्लेरो, लालांद व निकोल-रेन लपोत ही विदुषी गणितास बसली आणि महिनोन् महिने त्यांनी ते काम आपसांत वाटून केले. धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याजवळ येईल, फार तर महिनाभर मागेपुढे, असे त्यांचे उत्तर आले. तो १३ मार्चला आला. आपल्या देशातील महात्रिकोणमितीय सर्वेक्षणातही असे गणक पगारी नेमलेले असत. ज्या कर्नल विल्यम लॅम्बटन याने ते सर्वेक्षण आरंभिले, त्याचा देह आपल्याच विदर्भात, हिंगणघाट येथे १८२३ साली पडला. पुढे राधानाथ सिकदार हे बंगाली गणितज्ञ १८३१ साली त्या खात्यात गणक म्हणून लागले, आणि ज्या शिखरास आज आपण एव्हरेस्ट म्हणतो त्याची २९,००२ फूट ही उंची, जी १८५६ साली जाहीर झाली, ती मुख्यतः त्यांच्या गणिताचे फळ होय. शिखरास नाव मात्र साहेबाचे मिळाले.

येथे एका धर्मबंधूचे स्मरण करणे भाग आहे. फादर मारँ मर्सेन (१५८८–१६४८) हे मिनिम संघाचे फ्रेंच संन्यासी. पॅरिसच्या मठात बसून ते युरोपभरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार करीत व एकाचे संशोधन दुसऱ्यास कळवीत. दोन या संख्येस स्वतःनेच वारंवार गुणून व शेवटी एक वजा करून ज्या मूळसंख्या मिळतात, त्यांना आजही मर्सेन मूळसंख्या म्हणतात. त्यांनी १६४४ साली दिलेल्या यादीत काही चुका होत्या. घात ६७ असता येणारी संख्या त्यांनी मूळसंख्या मानिली होती. तिचे अवयव अमेरिकन गणितज्ञ कोल याने १९०३ साली प्रत्यक्ष मांडून दाखविले, आणि त्यासाठी तीन वर्षांचे रविवार खर्ची घातले असे त्याने सांगितल्याची आख्यायिका आहे. (रविवारच्या मिस्सेनंतर, असे आम्ही धरून चालतो.) १९९६ साली जॉर्ज वोल्टमन याने ह्याच मर्सेन-संख्यांचा शोध लोकांच्या घरच्या संगणकांवर सोपविला, आणि इंटरनेटवरून रिकामा संगणकवेळ मागून घेण्याचा तो पहिल्या यशस्वी प्रयोगांपैकी एक ठरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या मंडळींस सापडलेली मूळसंख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे.

बर्कलीच्या उपक्रमास ‘सेटी ॲट होम’ असे नाव होते. पोर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथील ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने टिपलेल्या लहरी फितींवर भरून टपालाने बर्कलीस येत. तेथे त्यांचे बारीक तुकडे करून एकेक तुकडा एकेका घरी धाडला जाई. घरचा संगणक तो तुकडा चाळून, त्यात कोठे बुद्धिमान प्राण्याने पाठविल्यासारखा संकेत आहे काय, हे पाहून उत्तर परत पाठवी. एकच तुकडा दोघातिघांस देऊन उत्तरे ताडून पाहण्याचीही रीत होती. परक्याच्या यंत्रावर विश्वास टाकावयाचा तर एवढी सावधगिरी हवीच. एकूण पन्नास लाखांहून अधिक लोकांनी यात भाग घेतला. परग्रहावरचा प्राणी काही सापडला नाही. ३१ मार्च २०२० रोजी तुकडे वाटण्याचे काम थांबविण्यात आले आणि त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीणही कोसळली.

मग या सर्व खटाटोपातून निष्पन्न काय झाले? आमच्या मते खरे फळ हे की त्याच विद्यापीठातील डेव्हिड अँडरसन यांनी ‘बॉइंक’ नावाची अशी व्यवस्था रचली, की कोणत्याही शास्त्राच्या कामासाठी लोकांचे संगणक जोडता यावेत. त्यावरच १९ फेब्रुवारी २००५ रोजी ‘आइन्स्टाइन ॲट होम’ सुरू झाले, आणि येथे ही कथा महाराष्ट्राच्या अंगणात येते.

गुरुत्वीय लहरी इतक्या क्षीण असतात की यंत्रातील खळबळीत त्या बुडून जातात. अपेक्षित लहरीचे असंख्य नमुने अगोदर तयार करून प्रत्येक नमुना मोजमापांवर ताडून पाहणे, हा त्यांना हुडकण्याचा एक मार्ग. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’ या संस्थेत संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी यांनी या पद्धतीवर फार पूर्वी, लहरी प्रत्यक्ष सापडण्याच्या दोन तपांहूनही आधी, मूलभूत काम केले. नमुने जितके अधिक तितकी आकडेमोड अफाट. म्हणूनच वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांपासून सतत येऊ शकणाऱ्या लहरींचा शोध घराघरांतील संगणकांवर सोपविण्यात आला. त्या लहरी अद्याप हाती लागलेल्या नाहीत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत सापडलेली लहर ही दोन कृष्णविवरांच्या मिलनाची होती व ती संशोधकांच्या स्वतःच्या यंत्रणेने पकडली. तिचे श्रेय घरगुती संगणकांना देण्याची गल्लत होऊ नये. मात्र ह्याच घरगुती संगणकांनी अरेसिबोची नोंद चाळताना सेकंदाला सुमारे एकेचाळीस गिरक्या घेणारा एक स्पंदक तारा शोधला व तो २०१० साली जाहीर झाला. तो ज्यांच्या यंत्रांवर सापडला ते आयोवा राज्यातील एक दांपत्य व जर्मनीतील माइन्झचे एक गृहस्थ होते, आणि शास्त्रज्ञांनी त्यांची नावे शोधाशी सन्मानाने जोडली. गुरुत्वीय लहरींची भारतातील वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली.

दुसरी बाजू रोगांची. बाझेल येथील स्विस संस्थेने हिवतापाचा फैलाव कसा होतो व कोणता उपाय कितपत लागू पडेल याची गणिते काही वर्षे अशाच संगणकांकडून करून घेतली. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या वनव्याप्त तालुक्यांतील कुटुंबांना हिवताप म्हणजे काय हे सांगावयास नको. त्या गणितांनी येथील एकही ताप उतरला असे आम्ही म्हणत नाही. ती मुख्यतः आफ्रिकेसाठी होती. प्रथिनांच्या घड्या कशा पडतात हे पाहणारा ‘फोल्डिंग ॲट होम’ हा उपक्रम २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाला. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या धास्तीने घरी बसलेल्या लोकांनी आपली यंत्रे त्यास इतक्या संख्येने जोडली की त्यांची एकत्रित शक्ती सेकंदाला एकावर अठरा शून्ये एवढ्या गणितक्रियांपलीकडे गेली. त्या वेळी जगातील कोणत्याही एका महासंगणकास हे साधत नव्हते.

अनेक लहानांनी मिळून एका मोठ्याचे काम करण्याची युक्ती आपल्याकडेही घडली आहे, जरी वेगळ्या रीतीने. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्याचे नाकारले तेव्हा अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘सी-डॅक’ने १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला. तोही अनेक साध्या प्रक्रियकांस एकत्र जुंपूनच.

आता आमच्या वाचकांनी काय करावे? एक गोष्ट प्रथम स्पष्ट केली पाहिजे. जे यंत्र आपले नाही त्याचा रिकामा वेळही आपला नाही. जॉर्जिया राज्यातील एका तंत्रमहाविद्यालयाच्या संगणक-व्यवस्थापकाने संस्थेची यंत्रे परवानगीवाचून अशा उपक्रमास जोडली. त्याच्यावर फौजदारी खटला झाला आणि २००२ साली दंड व ऐंशी तासांची समाजसेवा यांवर तो मिटला. शिक्षा कठोर असेल, पण मुद्दा योग्य होता. शाळेच्या वा धर्मग्रामाच्या कार्यालयातील संगणकांसही हेच लागू.

दुसरी गोष्ट विजेची. १९९९ मधला संगणक रिकामा असला तरी जवळजवळ भरल्या कामाइतकीच वीज घेई, म्हणून त्याचे दान फुकटात पडे. आजचे यंत्र काम नसताना झोपते. त्यास जागे ठेवावयाचे तर बिल वाढते. टेबलावरचा संगणक शंभर वॉट जादा घेतो असे धरले, तर दहा तासांस एक युनिट, आणि रोज रात्री चालविल्यास महिन्यास तीस युनिटे. तिरोड्याचे ३,३०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आमच्याच जिल्ह्यात असले तरी घरातल्या बिलात त्यामुळे सूट मिळत नाही, आणि ती वीज कोळशाचीच आहे. धानाच्या हंगामावर घर चालविणाऱ्या कुटुंबास आम्ही हा खर्च सुचविणार नाही. ज्यांच्या मुलांना गणिताची वा खगोलाची गोडी आहे, त्यांनी मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री तो अवश्य करून पाहावा. वैशाखात मात्र नको. तेव्हा येथे पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो, आणि यंत्राचा पंखा खोलीतली उष्णता वाढविण्यापलीकडे काही करीत नाही.