मिनिट बुकाचे वाचक

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सेक्रेटरी भराभर वाचतात, मागून कोणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणते आणि चर्चा पार्किंगवर येते. एवढ्या महत्त्वाच्या नोंदीकडे सभासद इतक्या सहज पाठ का फिरवतात? याचे एक उत्तर मिनिट बुकाच्या कुळात सापडते. ही वही आपल्याकडे आली ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाचावी म्हणून नव्हे. तिचा पहिला वाचक सरकारी अधिकारी होता.

सहकाराचे इंग्लंडमधले घराणे वेगळे होते. १८४४ साली रॉचडेलमध्ये विणकर आणि इतर कामगारांनी स्वतःच्या पैशांतून दुकान काढले. हिशेब त्यांचाच आणि सभाही त्यांचीच, त्यामुळे नोंदी ठेवायच्या त्या एकमेकांसाठी. आपल्याकडे मात्र सहकार वरून आला. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले. शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न सरकारच्या मागे लागला तो तेव्हापासून. त्यावरचा एक इलाज म्हणून १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला आणि त्याबरोबर ‘रजिस्ट्रार’, म्हणजे निबंधक, हे पदही आले. संस्था नोंदवायची त्याने आणि तपासायचीही त्यानेच.

१९०४ च्या कायद्यात फक्त पतसंस्था बसत होत्या. १९१२ च्या कायद्याने इतर कामांच्या संस्थांनाही दार उघडले. या कायद्यातली दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. एका कलमानुसार संस्थेने कायदा, नियम आणि उपविधी यांची प्रत पाहण्यासाठी विनामूल्य खुली ठेवायची. दुसऱ्यानुसार रजिस्ट्रारने वर्षातून एकदा तरी हिशेब तपासायचे, आणि त्यासाठी संस्थेच्या सगळ्या वह्या त्याला खुल्या. म्हणजे खुल्या ठेवायच्या यादीत होते ते नियमांचे पुस्तक. त्या नियमांनी संस्था प्रत्यक्षात कशी चालली, हे वह्यांतून पडताळण्याचे काम साहेबाचे.

याच कायद्याच्या आधारे १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तल्मकी होते. देशातली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. सभासद एकाच समाजाचे, बरेचसे कारवारकडून नोकरीसाठी मुंबईत आलेले. अशा ठिकाणी शंका आली तर वही मागण्याआधी माणूस शेजारच्या दाराची कडी वाजवतो.

हे चित्र फ्लॅटच्या बाजाराने बदलले. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने फ्लॅट घेणाऱ्यांची संस्था किंवा कंपनी नोंदवून घेण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली. तोवर माणसे एकमेकांना निवडून सोसायटी काढत. आता आधी फ्लॅट घ्यायचा आणि शेजारी कोण ते मागाहून कळायचे. मेंटेनन्स, सिंकिंग फंड, गळती, लिफ्ट यांचे पैसे अनोळखी माणसांच्या हाती गेले. विश्वासाची जागा कागदाने घेतली.

कायद्याने तोवर एक पाऊल पुढे टाकलेले होते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातल्या कलम ३२ ने सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन कागद पाहण्याचा हक्क दिला. त्यात ताळेबंद आणि सभासदांचे रजिस्टर आले, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आले आणि कमिटीच्या बैठकांचे इतिवृत्तही आले. यातला कमिटीचा उल्लेख वजनदार आहे. रंगकामाचे कंत्राट कोणाला द्यायचे, हे बहुधा बंद दाराआडच्या त्या बैठकीत ठरते.

पुढे आदर्श उपविधींनी सभासदाला नुसता वाचक ठेवले नाही. सर्वसाधारण सभेनंतर तीन महिन्यांच्या आत कमिटीने इतिवृत्ताचा मसुदा पक्का करायचा, पंधरा दिवसांत तो सगळ्यांना पाठवायचा आणि सभासदांनी पुढच्या पंधरा दिवसांत हरकती कळवायच्या. त्या विचारात घेऊनच अंतिम इतिवृत्त लिहायचे. ‘सर्वानुमते मंजूर’ या दोन शब्दांखाली तिघांचा विरोध दडपला गेला असेल, तर तो वर काढायची जागा हीच.

पुनर्विकास आला आणि लेखी शब्द अपुरा पडू लागला. जुनी इमारत पाडून टॉवर उभारायचा म्हणजे कोट्यवधींचा व्यवहार, आणि सभेत कोणी हात वर केला होता यावरून कोर्टकचेऱ्या. ३ जानेवारी २००९ च्या शासन निर्देशांनी विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी आणि व्हिडिओ चित्रीकरण आणले. शंभर वर्षांपूर्वीचा साहेब पुन्हा खोलीत आला, या वेळी सभासदांनाच एकमेकांचा भरवसा उरला नव्हता म्हणून.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले, की सहकारी संस्था केवळ नोंदणीमुळे माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही. मात्र जी माहिती निबंधक कायद्याने मिळवू शकतो, ती त्याच्याकडे मागता येते. ज्या अधिकाऱ्यासाठी ही वही मूळची लिहिली गेली, तोच आता नागरिकाला तिच्यापर्यंत पोहोचवणारी वाट झाला.

म्हणजे गेल्या शतकभरात कायद्याने वहीचे वाचक वाढवत नेले. आधी निबंधक, मग सभासद, मग निबंधकामार्फत कोणीही. सवय मात्र १९१२ मध्येच अडकली आहे: तपासायला कोणीतरी वरचा आहे, आपण मंजूर म्हणावे. कमिटीवर मनमानीचा आरोप करणाऱ्या सभासदाला म्हणून आधी एकच प्रश्न विचारावासा वाटतो. मसुदा हातात आल्यावर हरकतीच्या त्या पंधरा दिवसांत तुम्ही काय लिहून दिले होते? आणि मसुदा आलाच नसेल, तर तो का आला नाही असे विचारणारे पत्र तुम्ही कोणत्या तारखेला दिले?