‘सुरक्षित नाही’ : ब्राउझरच्या इशाऱ्यामागचा इतिहास

एखादे जुने संकेतस्थळ उघडले की ब्राउझरच्या पत्ता-पट्टीत ‘सुरक्षित नाही’ हे शब्द उमटतात. गुगलच्या क्रोमने २४ जुलै २०१८ रोजी आलेल्या आपल्या ६८व्या आवृत्तीपासून एचटीटीपी पद्धतीने चालणाऱ्या प्रत्येक पानावर हा शेरा मारण्यास प्रारंभ केला. त्या पानात विषाणू दडला आहे अथवा ते चालवणारा लबाड आहे, असा या शब्दांचा अर्थ नव्हे. वाचक आणि पान यांच्यामधला रस्ता उघडा आहे, एवढेच ते सांगतात. हा भेद ध्यानात न आल्यामुळे निरुपद्रवी संकेतस्थळे लोक भयाने मिटून टाकतात आणि फसव्या संकेतस्थळावर मात्र कुलपाचे चिन्ह पाहून बँकेचा तपशील निःशंकपणे भरतात.

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची आखणी केली, तेव्हा ती संशोधकांनी परस्परांचे कागद पाहावेत यासाठी होती. चोरट्यांचा विचार करण्याचे तेथे प्रयोजनच नव्हते. त्यामुळे एचटीटीपीने जाणारा मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जातो. वाय-फाय पुरवणारे हॉटेल, इंटरनेट कंपनी, मधली यंत्रणा यांपैकी कोणीही तो वाचू शकतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, वाटेत तो बदलताही येतो, आणि वाचकाला त्याचा पत्ता लागत नाही.

यावरचा उपाय नेटस्केप कंपनीने १९९४ मध्येच काढला होता. तोच एचटीटीपीएस. यात मजकूर कूटबद्ध होऊन जातो. वाटेत कोणी फेरफार केलाच तर तो तत्काळ उघड होतो. आणि पलीकडचे संकेतस्थळ पत्त्यात लिहिले आहे तेच असल्याची ग्वाही एका डिजिटल प्रमाणपत्राने मिळते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था जगभर आहेत. त्यांतील कोणावर विश्वास ठेवावा याची यादी मात्र ब्राउझर किंवा संगणकप्रणाली बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या पातळीवर ठरवतात. ही यादी सामान्य वाचकाला कधी दिसत नाही, पण सारा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

पुढील पंधरा वर्षे हे कवच प्रामुख्याने बँका आणि ऑनलाइन दुकाने यांच्यापुरतेच राहिले. प्रमाणपत्रासाठी दरवर्षी पैसे मोजावे लागत, ते बसवणे कटकटीचे असे, आणि ‘आमच्या पानावर लपवण्याजोगे काय आहे?’ हा प्रश्न तर्कशुद्ध वाटे. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने ‘फायरशीप’ नावाचे छोटेसे साधन प्रसिद्ध करून या तर्काला धक्का दिला. अनेक मोठी संकेतस्थळे केवळ पासवर्ड घेताना मजकूर कूटबद्ध करीत; नंतरची ये-जा उघडीच असे. त्या उघड्या ये-जेतील ओळखचिन्ह उचलून शेजारच्या टेबलावरील माणसाच्या खात्यात शिरता येते, हे या साधनाने कोणालाही करून पाहता येईल इतके सोपे केले. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या घाऊक टेहळणीचे कागद उघड केले. त्यानंतर इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या मंडळाने २०१४ मध्ये अशा सार्वत्रिक टेहळणीला ‘हल्ला’ मानावे, अशी भूमिका घेतली.

भारतातील एक उदाहरण अधिक बोलके आहे. जून २०१५ मध्ये बेंगळुरूतील एका प्रोग्रामरला आढळले की, मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून येणाऱ्या पानांमध्ये मूळ पानात नसलेल्या आज्ञावलीच्या ओळी परस्पर घुसडल्या जात आहेत. ग्राहकाचा डेटा-वापर समजावा यासाठी हे केले, असे स्पष्टीकरण मिळाले. आणि प्रकार उजेडात आणणाऱ्यालाच आज्ञावली बनवणाऱ्या परदेशी कंपनीकडून कायदेशीर नोटीस आली. पानावर गुपित काही नसले तरी ते लिहिले तसेच वाचकापर्यंत पोहोचावे, ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल. वृत्तपत्रांच्या बाबतीत तर ती मूलभूत आहे.

ब्राउझर कंपन्यांनी मग पायरीपायरीने दडपण वाढवले. ऑगस्ट २०१४ मध्ये गुगलने शोधक्रम ठरवताना एचटीटीपीएसला किंचित झुकते माप देण्याचे जाहीर केले. एप्रिल २०१५ मध्ये फायरफॉक्सच्या मोझिला संस्थेने एचटीटीपी टप्प्याटप्प्याने मागे सारण्याचा मनोदय व्यक्त केला. खरी अडचण पैशांची होती; ती डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा उपक्रमाने दूर केली. त्याची प्रमाणपत्रे विनामूल्य होती आणि त्यांचे नूतनीकरण आपोआप होऊ शकत होते. मोफत पर्याय हाती आल्यावरच इशाऱ्यांना धार चढली. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्ड किंवा कार्डाचा क्रमांक मागणाऱ्या पानांवर शेरा आला, ऑक्टोबरमध्ये काहीही टंकलिखित करताच तो दिसू लागला, आणि २०१८ मध्ये सरसकट सर्व एचटीटीपी पानांवर.

विश्वासाची यादी कोणाच्या हाती आहे, याची प्रचिती भारताने जुलै २०१४ मध्ये घेतली होती. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अखत्यारीतील प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. ती ज्याच्या हाती असतील, त्याला आपण गुगल असल्याची बतावणी करता आली असती. केंद्राचे अधिकारपत्र तत्काळ रद्द झाले. क्रोमने भारत सरकारच्या मूळ प्रमाणपत्राची मान्यता मोजक्या भारतीय पत्त्यांपुरती मर्यादित केली. ही शिक्षा अवाजवी नव्हती. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी होऊन इराणमधील नागरिकांच्या जीमेलवर पाळत ठेवली गेली होती, आणि ती संस्था त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली. तरीही एका सार्वभौम देशाच्या प्रमाणपत्राची मर्यादा एका खासगी कंपनीने आखावी, ही बाब दिल्लीत खुपली असल्यास नवल नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या देशी ब्राउझर स्पर्धेत भारताचे मूळ प्रमाणपत्र अंतर्भूत असणे ही अट होती.

या बदलाची किंमतही मोजावी लागली. एचटीटीपीच्या काळात शाळा किंवा खेड्यातील केंद्र एकदा आणलेले पान स्थानिक संगणकावर साठवून अनेकांना देत असे. कूटबद्ध पानांना ही सोय उरली नाही, आणि युगांडाच्या ग्रामीण भागातील उपग्रहावर अवलंबून असलेल्या शाळेला याचा फटका बसल्याची नोंद २०१८ मध्ये झाली. जुन्या फोनमधील विश्वासाची यादी अद्ययावत होत नसल्याने त्यांवर नवी संकेतस्थळे उघडेनाशी होतात. मराठीपुरते बोलायचे तर, युनिकोडपूर्व काळात हौशी मंडळींनी स्वतंत्र फॉन्ट वापरून उभी केलेली पाने आधीच वाचता येईनाशी झाली आहेत. ज्यांना आज धनी नाही, त्यांचे प्रमाणपत्र कोण काढणार? अशा पानांवरील इशारा चुकीचा नाही, पण तो वाचून परत फिरणाऱ्याला आत काय होते हे कधीच कळत नाही.

कुलपाचे चिन्ह क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये हटवले. गुगलच्या २०२१ मधील पाहणीत केवळ ११ टक्के सहभागींना त्याचा नेमका अर्थ सांगता आला होता. मोफत प्रमाणपत्र भामट्यालाही मिळते. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे करून घेतलेल्या पत्त्यावरही कुलूप तेवढ्याच दिमाखात झळकत असे. पत्ता अक्षरशः वाचून पाहण्याला पर्याय नाही.

पुढची पायरी गुगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये घोषित केली. ऑक्टोबर २०२६ मधील १५४व्या आवृत्तीपासून क्रोम सार्वजनिक एचटीटीपी संकेतस्थळ उघडण्यापूर्वी वाचकाची अनुमती मागेल. नेहमीच्या भेटीच्या संकेतस्थळांसाठी पुनःपुन्हा विचारणार नाही. ज्या ग्रंथालयांची, देवस्थानांची, शाळांची वा साहित्यसंस्थांची संकेतस्थळे अजून जुन्या पद्धतीवर आहेत, त्यांनी होस्टिंग देणाऱ्याकडे चौकशी करावी. बहुतेक ठिकाणी ही सोय शुल्काविना असते. मात्र नूतनीकरण आपोआप होते की नाही, हे आवर्जून विचारावे. प्रमाणपत्रांची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर येत असून, मार्च २०२९ मध्ये ती ४७ दिवस होईल. मुदत टळलेल्या प्रमाणपत्रावर ब्राउझर साधा शेरा मारून थांबत नाही, तर पूर्ण पानभर इशारा देऊन वाट अडवतो. वाचकाच्या दृष्टीनेही हे दोन इशारे वेगळे आहेत. नुसत्या ‘सुरक्षित नाही’ शेऱ्याचे पान वाचण्यास हरकत नाही, फक्त तेथे काही भरू नये. प्रमाणपत्राविषयीचा पानभर इशारा आला तर, विशेषतः बँकेच्या किंवा सरकारी पत्त्यावर, तेथूनच मागे फिरावे.