दगडावर उमटलेली झुंज

दुधना आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांत, जालन्याच्या आसपासच्या गांवीं, श्रावणी अमावास्येला पोळा येतो. आदल्या सायंकाळीं बैलांचे खांदे तूप-हळद लावून मळतात. सणाच्या दिवशीं त्यांच्या मानेवर जूं नसतें, मुखीं पुरणपोळीचा घांस असतो. अशा संस्कारांत वाढलेल्या मनाला स्पेनमधील वृषभयुद्ध विपरीतच वाटेल. कारण तेथें बैलाचा अंत बहुधा रिंगणांतच होतो. तथापि त्या झुंजीचीं अत्यंत मर्मभेदक चित्रें ज्या मुद्रणविद्येनें दिलीं, ती आपणांस परकी नाहीं.

ती विद्या म्हणजे शिळामुद्रण. बव्हेरियांतील सेनेफेल्डर यानें १७९८ च्या सुमारास ती सिद्ध केली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें आणि दगड ओला करावयाचा. मग शाई रेषेला धरते, ओलाव्याला धरीत नाहीं. मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं याच रीतीनें पंचांग छापलें. पुण्याची चित्रशाळा १८७८ मध्यें निघाली, आणि १८९४ मध्यें मुंबईंत स्थापन झालेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यानें देवदेवतांचीं रंगीत चित्रें घरोघर पोंचविलीं.

त्यापूर्वीं बऱ्याच वर्षांआधीं, १८२५ सालीं, फ्रान्समधील बोर्दो शहरीं स्पॅनिश चित्रकार गोया हा दगड पुढें घेऊन बसला होता. वय ७९, कान तीस वर्षांपूर्वींच गेलेले, दृष्टि मंदावलेली, मायदेश सुटलेला. १८१६ मध्यें त्यानें याच विषयावर ३३ ताम्रपट प्रसिद्ध केले होते. ताम्रपटावर रेषा आम्लानें कोरली जाते. दगडावर हाताचा आवेग जसाच्या तसा उतरतो. गोयानें चार चित्रें काढलीं आणि गोलों या मुद्रकानें प्रत्येकाच्या शंभर प्रती छापल्या.

एका चित्रांत सेबाय्योस हा वीर बैलावरच स्वार होऊन दुसऱ्या बैलाशीं लढतो. दुसऱ्यांत बैलानें भालाइताला शिंगांवर घेतलें आहे. परंतु ‘स्पेनची करमणूक’ या चित्रांत कोणी वीरच नाहीं. हौशी लोकांचा जमाव रिंगणांत उतरला आहे. कोणी पळतो, कोणी पडतो. लढणारा कोण आणि पाहणारा कोण, हा भेदच तेथें मावळतो.

या चित्रांना त्या काळीं गिऱ्हाईक फारसें लाभलें नाहीं. आणि १८२८ मध्यें गोया बोर्दो येथेंच निवर्तला. बैलाच्या बळाचें कौतुक त्याच्या देशालाहि होतें, आपल्यालाहि आहे. पोळा सरतो आणि जूं पुन्हां त्याच खांद्यावर येतें. त्या कौतुकाचें मोल बैल कसें चुकवितो, हें कौतुक करणारानें पाहिलें पाहिजे. गोयानें तें पाहिलें, आणि पाहणाऱ्यांनाहि चित्रांतून वगळलें नाहीं.