कैरवानच्या मकतबातले नियम

१५ जूनला शाळा उघडली की पहिला आठवडा नियमांचा. रांग कशी करायची, हजेरीला काय म्हणायचं, पाण्याला कधी जायचं, वही कशी ठेवायची. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. वीस वर्षं होत आली. सुरुवातीची काही वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं की, पाचवीच्या मुलांच्या कानांवर माझ्या तोंडून पडणारी पहिली मराठी वाक्यं कोणती असतात. गप्प बसा. रांगेत चला. मागं बघू नका. ज्या मुलांच्या घरात मराठी बोलली जात नाही, त्यांना मी या भाषेची ओळख हुकमाची भाषा म्हणून करून देत होतो.

त्याच काळातली एक गोष्ट आजही टोचते. वर्गात एक चुणचुणीत मुलगा होता. चहा सांगायला, झेरॉक्स आणायला मी त्यालाच पाठवायचो. विश्वासाचा मुलगा म्हणून. सहामाहीत तो मराठीत नापास झाला. त्याचे अब्बा शाळेत आले. तक्रार करायला नव्हे, उलट अदबीनं विचारायला. "सर, तो घरी सांगतो की मी सरांची कामं करतो. मग मार्क कमी कसे आले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गातून बाहेर जायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशी मीच सांगितला होता आणि रोज मीच मोडत होतो.

बीएडला आम्ही हर्बार्टच्या पायऱ्या पाठ केल्या, फ्रोबेलवर टिपणं लिहिली. मुस्लिम जगात मकतब चालवणाऱ्यांनी वर्गाविषयी काय विचार केला, याचा एक शब्दही अभ्यासक्रमात नव्हता. पुढं स्वतःहून वाचताना इब्न सहनून भेटला. आजच्या ट्युनिशियात कैरवान नावाचं शहर आहे. इ.स. ६७० मध्ये उक़बा बिन नाफ़े यांनी वसवलेलं. नवव्या शतकात ते मालिकी फ़िक़्हचं मोठं केंद्र होतं. तिथले नामांकित फ़क़ीह सहनून यांचा हा मुलगा मुहम्मद, ८७० मध्ये वारलेला. त्यानं 'आदाब अल-मुअल्लिमीन' नावाची छोटी पुस्तिका लिहिली. शाळामास्तरांसाठी लिहिलेल्या आणि आज आपल्यापर्यंत पोचलेल्या सर्वांत जुन्या पुस्तकांपैकी हे एक.

पुस्तिका उघडताना वाटलं, मुलांनी कसं वागावं याची यादी असेल. निघाली उलटीच. नाव 'मुअल्लिमीन'चं, म्हणजे शिक्षकांचं, आणि नियमही बहुतेक त्यांनाच. मकतब तेव्हा बहुधा भाड्याच्या एखाद्या दुकानात भरे. त्याचं भाडं कोणी भरायचं? शिक्षकानं. फटक्याच्या साहित्याचा खर्चसुद्धा मुलांवर टाकायचा नाही, शिक्षकानं करायचा. गरिबाच्या आणि श्रीमंताच्या मुलाला सारखं शिकवायचं. उजळणीचा वेळ ठरलेला हवा, बुधवारची संध्याकाळ आणि गुरुवार. शुक्रवारी सुट्टी. मूल आलं नाही तर शिक्षकानं स्वतः लक्ष ठेवून पालकांना कळवायचं. दुसऱ्या मुलांना त्याच्या शोधात पिटाळायचं नाही, पिटाळायचंच तर त्यांच्या पालकांची परवानगी हवी किंवा घर अगदी जवळ हवं. हजेरीची ही शिस्त साडेअकराशे वर्षांपूर्वीची आहे.

आणि मग तो नियम आला. शिक्षकानं आपल्या खासगी कामासाठी मुलांना पाठवणं हलाल नाही. मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. झेरॉक्स आणि चहा आठवला.

यामागचा विचार सरळ आहे. शिक्षक हा 'अजीर' आहे, म्हणजे मोबदला घेऊन काम करणारा माणूस. त्याचा वेळ मुलांना विकलेला आहे. म्हणून वर्ग सोडून जनाज़्याला किंवा आजाऱ्याला भेटायला जाण्याचीही त्याला मुभा नाही, टाळताच येणार नाही असा प्रसंग सोडून. स्वतःचं लिखाण करायचं असेल तर मुलांच्या कामातून मोकळा झाल्यावर. जनाज़्यात सामील होणं आपल्याकडं किती सवाबचं काम मानतात! तेही वर्गाच्या वेळेपुढं मागं ठेवलं आहे. तासाला मोबाईल चाळणाऱ्या आपण लोकांनी याचा विचार करावा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपल्या इतिहासाचे गोडवे गाऊन मोकळे होण्याची सवय आपल्याला आहेच. इब्न सहनून मार बंद करत नाही. तो माराला मर्यादा घालतो. कुरआनच्या पठणासाठी तीनपेक्षा जास्त फटके नाहीत, खेळ नि आळसासाठी दहापेक्षा जास्त नाहीत. मुलगे-मुली एका वर्गात बसणंही त्याला मान्य नव्हतं. त्याचा काळ त्याच्या पुस्तकात आहे आणि तो तिथंच राहू द्यावा. पण एक गंमत पाहा. याच लेखकाचे वडील सहनून यांच्याबद्दल असं सांगतात की, त्यांनी मुलाच्या उस्तादांना बजावलं होतं, याला शिस्त लावायची ती शाबासकीनं आणि गोड बोलून. मार आणि रागावणं याच्यासाठी नाही. पुस्तकात तीन फटक्यांची मर्यादा घालणारा लेखक घडला होता तो असा.

पुढं पाचशे वर्षांनी ट्यूनिसमध्येच जन्मलेल्या इब्न ख़ल्दूननं कारण सांगितलं. १३७७ च्या 'मुक़द्दिमा'त विद्यार्थ्यांवरच्या सक्तीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचं म्हणणं असं की, धाकात वाढलेलं मूल खोटं बोलायला शिकतं. ते मनातलं लपवतं, आळशी होतं आणि पुढं ही लबाडीच त्याचा स्वभाव होते. आपल्याकडं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक त्रासावर पूर्ण बंदी घातली. तेव्हा स्टाफरूममध्ये कुरकुर ऐकली होती, आता पोरं ऐकणार कशी? मकतबात तर छडीशिवाय चालतच नाही, असं म्हणणारेही भेटले. त्यांना मी इब्न ख़ल्दून वाचायला सांगतो. मुलांवरची सक्ती ही आपली परंपरा असेल, तर तिच्यावरची टीकाही आपलीच परंपरा आहे. यातलं काय पुढं न्यायचं, हे आपण ठरवायचं.

मी माझ्यापुरतं ठरवलं. आता पहिल्या दिवशी फळ्यावर आधी माझे नियम लिहितो, मराठीत. मी वेळेवर येईन. मी सगळ्यांना सारखं विचारीन. मी कोणाला माझ्या कामाला पाठवणार नाही. मी तासाला मोबाईल काढणार नाही. मी हात उचलणार नाही. मुलं अर्थ विचारतात, मी उर्दूत सांगतो, मग ती वाक्यं वहीत उतरवतात. दुसऱ्या दिवशी त्यांचे नियम तीच बनवतात, 'मी'नं सुरुवात करून. मी हात वर करून बोलीन. मी शेजारच्याला हसणार नाही. भविष्यकाळ शिकवायला मला वेगळा तास घ्यावा लागत नाही.

वर्ग यामुळं अगदी शांत झाला, असं मी म्हणणार नाही. गोंगाट होतो, रांग मोडते. नियम पुन्हा पुन्हा सांगावे लागतात, विशेषतः ईदच्या सुट्टीनंतर. पण मागच्या वर्षी एका तासाला माझा फोन वाजला आणि सवयीनं हात खिशात गेला. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, तिनं हात वर केला आणि थांबत थांबत म्हणाली, "सर, तुम्ही मोबाईल काढणार नाही."

तिनं माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं मराठी वाक्य होतं. मी फोन बंद करून टेबलाच्या खणात टाकला.