सीप्झमधला पाण्याचा संत

अंधेरीला सीप्झमध्ये नोकरी करणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की त्याच कंपाउंडात चारशे वर्षांहून जुनं एक चर्च पडक्या अवस्थेत उभं आहे? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची नजर आयकार्ड आणि कॅन्टीन यांच्यापलीकडे जाते कुठे!

पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ साली बांधलेलं हे चर्च सेंट जॉन द बॅप्टिस्टचं. म्हणजे यार्देन नदीत लोकांना बाप्तिस्मा देणारा योहान. येशूलाही त्यानेच दिला. थोडक्यात काय, गावाला संत मिळाला तोच पाण्याचा! त्याचा सण २४ जूनला, नेमका आपल्या पावसाच्या तोंडावर. गोव्यात तर त्या दिवशी लोक चक्क विहिरीत उड्या मारतात.

विहिरीवरून आठवलं. बायबलमध्ये येशू भर दुपारी दमून विहिरीपाशी बसतो आणि एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, म्हणून तिलाच नवल वाटतं. मग तो सांगतो, या पाण्याने पुन्हा तहान लागेलच, माझ्याकडचं पाणी वेगळं आहे. आणि हाच येशू शेवटी क्रुसावर तहान लागली म्हणतो. तहान भागवणारा स्वतःच तहानलेला! मला वाटतं, या श्रद्धेचं मर्म इथेच कुठेतरी आहे.

१८४० मध्ये साथ आली, लोक मरोळला गेले, चर्च ओस पडलं. सीप्झ आलं ते १९७३ मध्ये. पण इथले ईस्ट इंडियन (हे नाव त्यांनी १८८७ साली घेतलं, भाषा मात्र मराठीच) एक जुना विधी जपून आहेत: 'उंबराचं पाणी'. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीवर जातात आणि त्या पाण्याने नवरा-नवरीला आंघोळ घालतात. जन्मानंतरचं पाणी चर्चचं, लग्नातलं गावच्या विहिरीचं. दोन्ही तितकीच पवित्र.

चर्च पडलं तरी श्रद्धा मरोळला चालत गेली. विहीर तशी नेता येत नाही ना! उपनगरातल्या कितीतरी विहिरी बुजल्या, वर टॉवर आले. त्यामुळे मला पडक्या भिंतींपेक्षा गावठाणातल्या उरलेल्या विहिरींची जास्त काळजी वाटते. तुमच्या बिल्डिंगखाली कुणाची विहीर होती, विचारून बघा एकदा.