कौलूनचा ‘राजा’

हाँगकाँगचा इतिहास म्हटलं की करार आणि गव्हर्नर आठवतात. १८६०च्या करारानं चीनला कौलून ब्रिटिशांना द्यावं लागलं, हे पुस्तकांत सापडतं. मला मात्र कुबड्या घेऊन फिरणारा एक म्हातारा आठवतो. त्याचं नाव त्सांग त्सौ-चोई. तो १९२१ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात जन्मला आणि पोरवयातच हाँगकाँगला आला. शिक्षण जेमतेम, कष्टाची कामं करून पोट भरायचं.

१९५०च्या दशकापासून तो ब्रश आणि काळी शाई घेऊन भिंती, खांब, विजेच्या पेट्यांवर चिनी अक्षरं लिहू लागला. म्हणणं एकच, कौलून आमच्या वाडवडिलांचं, ते ब्रिटिशांनी बळकावलं. पुरावा म्हणून तो पूर्वजांची नावं लिही आणि स्वतःला ‘कौलूनचा राजा’ म्हणवी. लोक त्याला वेडा समजत. पालिकेचे कामगार अक्षरांवर रंग फासत. तो पुन्हा लिही. असं सुमारे पन्नास वर्षं चाललं.

२००३मध्ये त्याचं काम व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात पोहोचलं. २००७मध्ये तो वारला, तोवर रस्त्यांवरची बहुतेक अक्षरं पुसली गेली होती. त्सिम शा त्सुईच्या फेरी धक्क्यावरचा एक खांब पारदर्शक आवरण घालून जपला गेला.

त्याचा दावा कधी सिद्ध झाला नाही. पण मला तो दुय्यम वाटतो. सरकारी दफ्तरात गरिबाच्या आजा-पणजाची नोंद नसते. त्यानं ती रस्त्यावर केली, आणि पुसणाऱ्यांनाच शेवटी तिची राखण करावी लागली.